वेदना आणि मात्रा

गेल्या वर्षीं मार्गशीर्षांतल्या एका रात्रीं आमच्या हातून आमच्या वडीलबंधूंचा प्राण जातां जातां वांचला. जें घडलें तें केवळ मायेपोटीं आणि अज्ञानामुळें घडलें. त्या अज्ञानाचें थोडें तरी प्रायश्चित्त घडावें म्हणून पुढील कांहीं महिने आम्हीं एका औषधाचा अभ्यास केला. आम्ही वैद्यकाचे अधिकारी नव्हे. शाळेंत मुलांना शब्दरूपें आणि धातुरूपें घोकवून घेण्यांत आमची हयात गेली. परंतु रसायनशास्त्र शिकलेला पुतण्या घरांत आहे, आणि अण्णांवर उपचार करणारे डॉक्टर आमच्या भाबड्या प्रश्नांना न कंटाळतां उत्तरें देणारे निघाले. त्या दोघांच्या शिकवणीनें जें समजलें तें येथें मांडीत आहों. एकत्र कुटुंबांत अंथरुणाला खिळलेलें एखादें वडील माणूस आज ना उद्यां असतेंच. तेव्हां हा विषय परका मानूं नये.

त्या औषधाचें नांव फेन्टानिल. अफू ज्या जातीची वेदना शमविते तीच वेदना तें शमवितें, परंतु त्याच्या घडणींत खसखशीच्या बोंडाचा एक थेंबहि नाहीं. तें सर्वस्वीं प्रयोगशाळेंत रचलेलें औषध आहे.

अहिफेनापासून पट्टीपर्यंत

अफूस संस्कृतांत अहिफेन, म्हणजे सापाचा फेंस, असें म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण दिसतो, परंतु तो मूळचा आपला नव्हे. ग्रीकांनीं बोंडाच्या रसाला ओपियन म्हटलें, त्याचें अरबींत अफ्यून झालें, आणि आपल्या पंडितांनीं त्यालाच संस्कृताचा पोशाख चढविला. चरक-सुश्रुतांत हें द्रव्य नाहीं. शार्ङ्गधराच्या व भावमिश्राच्या ग्रंथांत तें आढळतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सेर्ट्युर्नर नामक एका जर्मन औषधविक्याच्या तरुण मदतनिसानें अफूंतील सत्त्व वेगळें काढलें व ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्यास नांव दिलें. तेंच मॉर्फीन.

पुढें सव्वाशे वर्षें असा समज होता कीं, हा गुण अफूच्या सत्त्वाचाच. तो दुसऱ्या कशांत सांपडावयाचा नाहीं. हा समज एका उंदराच्या शेपटीनें मोडला. जर्मनींत आयस्लेब या रसायनज्ञानें पोटांतील मुरडा थांबविण्याकरितां एक द्रव्य बनविलें होतें. शाउमान हा त्याचा सहकारी तें उंदरांवर अजमावून पाहत असतां त्यास दिसलें कीं, उंदराची शेपटी इंग्रजी एस अक्षरासारखी वळून ताठ उभी राहिली आहे. मॉर्फीन दिलेल्या उंदराची शेपटी नेमकी अशीच होते, हें त्यास ठाऊक होतें. १९३९ सालीं त्या दोघांनीं हें द्रव्य जगापुढें मांडलें. तेंच पेथिडीन. आपल्याकडील प्रसूतिगृहांतहि तें अनेक वर्षें वापरांत होतें.

बेल्जममध्यें पॉल यान्सेन या तरुण डॉक्टरानें १९५३ सालीं स्वतःची संशोधनशाळा काढली. पेथिडीनच्या रचनेंत नेमका कोणता भाग वेदना शमवितो हें हेरून, तेवढा कायम ठेवून बाकीचे अवयव बदलीत जावें, आणि द्रव्य चरबींत अधिकाधिक विरघळेल असें करावें, ही त्याची युक्ति. धातु तोच ठेवून उपसर्ग आणि प्रत्यय बदलावे तसाच हा प्रकार. १९६० सालीं या मार्गानें फेन्टानिल सिद्ध झालें. पेथिडीन मॉर्फीनहून सौम्य. हें मात्र मॉर्फीनच्या पन्नास ते शंभर पट प्रखर.

कुलूप आणि किल्ली

वेदना हा शब्द विद् म्हणजे जाणणें या धातूपासून आला आहे. शरीरशास्त्रहि हेंच सांगतें. बोट भाजलें म्हणजे दुखतें तें बोटांत खरें, परंतु तें जाणतो मेंदु. बोटांतील वार्ता बारीक मज्जातंतूंवरून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत येते, तेथें एका तंतूकडून दुसऱ्याच्या स्वाधीन होते, व मग वर मेंदूस पोंचते. वार्ता स्वाधीन होण्याच्या या नाक्यावर तंतूंच्या पृष्ठभागीं सूक्ष्म कुलुपें असतात. शास्त्रज्ञ त्यांस रिसेप्टर म्हणतात. अफूच्या जातीच्या औषधांचें मुख्य कुलूप म्यू या ग्रीक अक्षरानें ओळखलें जातें. औषधाची किल्ली त्यांत बसली कीं वार्ता पोंचविणारा तंतु आपलें रासायनिक पत्र सोडीत नाहीं, आणि तें घेणारा तंतुहि मंदावतो. वार्ता वाटेंतच अडते.

अशीं कुलुपें असल्याचें १९७३ सालीं अमेरिकेंतील व स्वीडनमधील संशोधकांनीं दाखवून दिलें. मग साहजिक प्रश्न आला कीं, खसखशीच्या रसाकरितां देवानें माणसाच्या मज्जारज्जूंत कुलुपें कां बसवावीं? त्याचें उत्तर १९७५ सालीं स्कॉटलंडांतील अॅबर्डीन येथें ह्यूज व कॉस्टरलिट्झ या दोघांनीं दिलें. शरीर स्वतःच अशा किल्ल्या घडवीत असतें. पडल्या-झडल्यावर पहिले कांहीं क्षण दुखत नाहीं याचा अनुभव पुष्कळांस असेल. त्यांत या घरच्या किल्ल्यांचा वांटा असतो. बोंडाच्या रसाची किल्ली योगायोगानें त्यांच्यासारखी आहे, एवढेंच.

मात्र हींच कुलुपें आणखीहि दोन ठिकाणीं आहेत, आणि सारा धोका तेथें आहे. एक ठिकाण आंतड्यांचें. तेथें किल्ली बसली कीं आंतड्यांची चाल मंदावते व मलावरोध होतो. मळमळ, गुंगी हीं कांहीं दिवसांनीं ओसरतात. मलावरोध मात्र ओसरत नाहीं, म्हणून डॉक्टर पहिल्या दिवसापासून सारक औषध जोडीला देतात. दुसरें ठिकाण मेंदूच्या बुडाशीं, श्वासाचें नियमन करणाऱ्या केंद्रांत. रक्तांत कार्बन डायॉक्साइड वायु वाढला कीं हें केंद्र श्वासाची गति वाढवितें. माणूस गाढ झोपेंत असला तरी हा पहारेकरी जागा असतो. औषधाची मात्रा अधिक झाली म्हणजे या पहारेकऱ्यासच झोंप लागते. वायु सांचत जातो, परंतु हांक मारावयास कोणी उरत नाहीं. अफूच्या जातीचीं औषधें माणसाला मारतात तीं अशीं, श्वास विसरावयास लावून.

चरबीची वाट

कुलूप सर्वांचें एकच, मग मॉर्फीन आणि फेन्टानिल यांत भेद कोणता? भेद वाटेचा आहे. मेंदूभोंवतीं एक स्निग्ध तटबंदी असते. मॉर्फीन पाण्यांत मिसळणारें. त्यास ती ओलांडावयास वेळ लागतो. फेन्टानिल चरबींत सहज मिसळणारें. शिरेंत इंजेक्शन दिल्यावर एक-दोन मिनिटांत गुण येऊं लागतो, आणि अर्ध्या-एक तासांत ओसरतोहि; कारण तितक्याच त्वरेनें तें रक्तांतून निघून स्नायूंत व मेदांत जाऊन बसतें. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूलतज्ज्ञास असेंच औषध हवें असतें; म्हणून १९६० नंतरच्या दशकापासून जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तें स्थिरावलें.

याच यान्सेनच्या शाळेंतून निघालेलें एक भावंड बहुतेकांच्या औषधांच्या डब्यांत असतें. जुलाब थांबविण्याकरितां घेतात तें लोपेरामाइड. कुलूप तेंच म्यू. परंतु मेंदूच्या वेशीवरील द्वारपाल त्यास आंत शिरूं देत नाहींत, म्हणून नेमल्या मात्रेंत तें केवळ आंतड्यांवर काम करून जातें. एकच किल्ली, पण एकीस राजवाड्यांत प्रवेश आणि दुसरीस फक्त स्वयंपाकघरांत, असा हा भेद आहे.

आतां मात्रेचा हिशेब पाहूं. मॉर्फीनच्या १० मिलिग्रॅम इंजेक्शनानें जें काम होतें तें फेन्टानिलच्या १०० मायक्रोग्रॅमनें होतें. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले म्हणजे त्यांतील एक भाग तो मायक्रोग्रॅम. अर्थात् एका ग्रॅमांत अशा १०,००० मात्रा बसतात. शाळेंत दशांश चिन्ह एक घर चुकलें तर आम्ही मुलाचा एक गुण कापीत असूं. येथें एक घर चुकलें तर माणूस जातो.

कातडीवरची पट्टी

आमच्या अण्णांस प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाला व तो पाठीच्या कण्यांत उतरला. कूस बदलावयाची म्हटली तरी ते दांतांत पंचा धरीत. डॉक्टरांनीं मॉर्फीनच्या गोळ्या सुचविल्या, तेव्हां घरांत मोठी चर्चा झाली. ‘अफू घरांत नको, अण्णांना व्यसन लागेल,’ असें म्हणणाऱ्यांत आम्ही अग्रेसर होतों. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, कणा पोखरलेल्या माणसास व्यसन लागण्याची चिंता करीत आम्हीं तीन आठवडे घालविले. ते तीन आठवडे अण्णांनीं भोगले. वहिनींनीं अखेर एका रात्रीं म्हटलें, ‘भावजी, तुमची भीति तुमच्यापाशीं ठेवा, त्यांना गोळी द्या.’ गोळी दिली, आणि दुसऱ्या सकाळीं अण्णांनीं दोन महिन्यांनंतर प्रथमच बसून वर्तमानपत्र वाचलें.

पुढें त्यांचीं मूत्रपिंडें थकलीं. मॉर्फीनचें यकृतांत रूपांतर झाल्यावर जीं द्रव्यें उरतात त्यांतील एक स्वतःच प्रबळ असतें, आणि तें मूत्रावाटेंच बाहेर पडतें. मूत्रपिंडें थकलीं म्हणजे तें सांचत जातें. फेन्टानिलचे यकृतांत होणारे अवशेष बहुतेक निष्क्रिय असतात. म्हणून डॉक्टरांनीं गोळ्या बंद करून फेन्टानिलची पट्टी, जिला पॅच म्हणतात, ती सुरू केली. हें औषध गिळलें तर यकृत त्याचा बराचसा भाग आधींच नष्ट करतें. परंतु चरबींत मिसळण्याच्या गुणामुळें तें कातडींतून आंत जाऊं शकतें. अण्णांची पट्टी तासाला २५ मायक्रोग्रॅमची होती. तीन दिवसांचे ७२ तास. एकूण १,८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मिलिग्रॅमहूनहि कमी. तिळाच्या एका दाण्याचें वजनहि याहून अधिक भरतें.

पट्टींतील औषध थेट रक्तांत जात नाहीं. आधीं तें कातडींत सांठतें आणि त्या सांठ्यांतून हळूहळू रक्तांत झिरपतें. म्हणून पहिल्या पट्टीचा पुरा गुण यावयास बारा ते चोवीस तास लागतात. आणि पट्टी काढली तरी सांठा उरतोच. रक्तांतील औषध निम्म्यावर यावयास सुमारें सतरा तास लागतात. हें आम्हांस कागदावर लिहून दिलेलें होतें. त्याच कागदावर ‘पट्टीस उष्णता लागूं देऊं नये’ असेंहि लिहिलेलें होतें. तो कागद आम्हीं देवघरांतील पंचांगांत जपून ठेविला होता. वाचला मात्र नव्हता.

ती रात्र

आमच्या वाईस मार्गशीर्षांत थंडी कडक असते. त्या रात्रीं अण्णा म्हणाले, ‘नाना, पाठ फार गारठली रे. जरा शेक दे.’ आम्हीं गरम पाण्याची पिशवी भरली, पंचांत गुंडाळली आणि त्यांच्या पाठीशीं, खांद्याखालीं ठेविली. पट्टी तेथेंच होती. त्यांस बरें वाटलें. आम्हांसहि बरें वाटलें. पाणी निवलें तेव्हां आम्हीं पिशवी पुन्हां भरली.

उष्णतेनें कातडींतील रक्तवाहिन्या फुलतात आणि औषध झरझर आंत ओढलें जातें. नुसता ताप ४० अंश सेल्सियसपर्यंत चढला तरी रक्तांतील औषध सुमारें एक तृतीयांशानें वाढूं शकतें असें औषधाच्या माहितीपत्रकांतच नमूद आहे. मग पट्टीवर ठेविलेली पिशवी काय न करील! पहांटे दोनच्या सुमारास नात पाणी पिण्यास उठली. आजोबा विचित्र घोरत आहेत, मध्येंच थांबत आहेत, असें तिनें येऊन सांगितलें. आम्हीं दिवा लावला. हांका मारल्या, उत्तर नाहीं. घड्याळ लावून श्वास मोजले तों मिनिटास सहा. स्वस्थ माणसाचे बारा ते वीस असतात. पुतण्यानें पापणी वर केली. बाहुली टांचणीच्या डोक्याएवढी झालेली.

डॉक्टरांस दूरध्वनि केला. त्यांनीं पिशवी दूर करावयास, पट्टी काढून जागा पाण्यानें पुसावयास, आणि हलवून, हांका मारून श्वास घ्यावयास लावीत तांतडीनें रुग्णालय गांठण्यास सांगितलें. साताऱ्यापर्यंत वहिनी त्यांच्या कानाशीं एकच शब्द म्हणत होत्या, ‘श्वास घ्या.’ त्यांनीं म्हटलें कीं अण्णा घेत; त्या थांबल्या कीं तेहि थांबत.

रुग्णालयांत नॅलॉक्सोन दिलें. हीहि त्याच कुलुपाची किल्ली, पण अशी कीं ती कुलुपांत बसते, कुलूप मात्र फिरवीत नाहीं. आणि आधीं बसलेल्या किल्लीस बाहेर ढकलते. पांच मिनिटांत अण्णांनीं डोळे उघडले. आम्हांस वाटलें, संकट टळलें. डॉक्टर म्हणाले, ‘अजून नाहीं.’ नॅलॉक्सोनचा अंमल अर्धा ते दीड तास, आणि कातडींतला सांठा सतरा तासांत निम्मा होणारा. तासाभरानें श्वास पुन्हां मंदावले, तेव्हां त्या म्हणण्याचा अर्थ उमगला. मग तें औषध शिरेवाटें सावकाश चालू ठेवावें लागलें. तेंहि इतक्या बेतानें कीं श्वास चालावा, पण सारी वेदना एकदम परत उसळूं नये. दोन दिवसांनीं आम्ही घरीं आलों.

भीतीचीं दोन टोकें

या प्रसंगानंतर घरांत पुन्हां तोच सूर उठला कीं, हें विष बंदच करावें. वर्तमानपत्रांतून अमेरिकेच्या बातम्या सर्वांनीं वाचलेल्या असतात. त्या खोट्या नाहींत. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षीं फेन्टानिल व त्याच्या जातीच्या कृत्रिम द्रव्यांमुळें त्या देशांत प्रतिवर्षीं सत्तर हजारांहून अधिक माणसें दगावलीं. परंतु तीं बहुतेक चोरट्या कारखान्यांत बनून हेरॉइनमध्यें व बनावट गोळ्यांत मिसळलेल्या मालानें मेलीं. जेथें मायक्रोग्रॅमचा हिशेब आहे तेथें अंदाजानें पूड कालवणारा हात मृत्यूच वांटतो. त्या हातावरून डॉक्टरांच्या मोजक्या हाताची परीक्षा करणें न्याय्य नव्हे.

उलट भीतीचेंहि मोल मोजावें लागतें, आणि तें आपल्या देशानें मोजलें आहे. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफूची शेती होते. परंतु १९८५ च्या अंमली द्रव्यांच्या कायद्यानंतर परवान्यांचीं जाळीं इतकीं गुंतागुंतीचीं झालीं कीं रुग्णालयांनीं मॉर्फीन ठेवणेंच सोडलें. ज्या देशांत अफू पिकते तेथेंच कर्करोगी तळमळत राहिले. मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं निघालेलें शांति आवेदना सदन, कालिकतला १९९३ सालीं डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं आरंभिलेलें कार्य, पुण्यास १९९७ सालीं सिप्लानें काढलेलें केंद्र, अशा संस्थांनीं रोग बरा होत नसला तरी वेदना हटवितां येते हें दाखवून दिलें. अखेर २०१४ सालीं कायदा सुधारला, आणि मॉर्फीन, फेन्टानिल धरून सहा औषधांकरितां देशभर एकसारखे व सुटसुटीत नियम झाले.

डॉक्टरांनीं आमच्या घरच्या सभेस एवढेंच विचारलें, ‘पट्टीनें चूक केली कीं पिशवीनें?’ पट्टी पुन्हां सुरू झाली.

घरांत पाळावयाचें

आमच्याकडून झालें तें इतरांकडून होऊं नये म्हणून जें शिकलों तें सांगतों. ही पट्टी ज्याचें शरीर आधींच अशा औषधास सरावलें आहे त्याच्याचकरितां असते. वहिनींची कंबर दुखते म्हणून अण्णांची पट्टी लावणें म्हणजे जिवाशीं खेळ. तेल लावलेल्या अंगावर ती चिकटत नाहीं. जागा साध्या पाण्यानें पुसून, कोरडी करून लावावी. ती कात्रीनें कापूं नये. जुनी काढल्यावांचून नवी लावूं नये, आणि जागा दर वेळीं बदलावी. शेक, कढत पाण्याचें स्नान, उन्हांत बसणें हें पट्टी असतां वर्ज्य. ताप आला तर डॉक्टरांस लगेच कळवावें. झोंपेच्या गोळ्या व मद्य श्वासाच्या पहारेकऱ्यास दुप्पट झोंपवितात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखीं कांहीं जंतुनाशकें आणि बुरशीवरचीं कांहीं औषधें यकृताचें काम अडवून रक्तांतील फेन्टानिल वाढवितात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलें तर पट्टीची गोष्ट आधीं सांगावी.

शेवटची गोष्ट लहान मुलांची. तीन दिवस वापरून काढलेल्या पट्टींतहि बरेंच औषध उरतें. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०१२ सालीं पंधरा वर्षांतील अशा २६ घटना तपासल्या. त्यांत १० मुलें गेलीं होतीं, आणि २६ पैकीं १६ मुलें दोन वर्षांचीं किंवा त्याहून लहान होतीं. रांगतें मूल जमिनीवरची पट्टी उचलून तोंडांत घालतें किंवा अंगाला चिकटवितें. वापरलेली पट्टी चिकट बाजू आंत करून दुमडावी, कुलपांत ठेवावी, व जेथून आणली त्या रुग्णालयास विचारून त्याच्या स्वाधीन करावी. केराच्या टोपलींत टाकूं नये.

त्या रात्रीनंतर अण्णांच्या उशाशीं आम्हीं एक वही टांगली. पट्टी कोणत्या दिवशीं, किती वाजतां, कोणत्या जागीं लावली. जुनी कोणीं काढली. रात्रीं श्वास किती होते. घरांतील प्रत्येकानें त्यांत लिहावें असा नियम केला. नातीचें अक्षर त्यांत सर्वांत सुरेख आहे. पुढले चार महिने अण्णा त्या वहीच्या आधारानें जगले. नातवंडांस गीतेचा पंधरावा अध्याय पाठ करविला, आमच्याशीं जुन्या वादांवर नवे वाद घातले. चैत्रांत एका दुपारीं ते गेले, तेव्हां दांतांत पंचा नव्हता.

वहींतील अखेरची नोंद आमच्या हातची आहे. ‘उरलेल्या पट्ट्या तीन, वापरलेल्या दोन, मोजून रुग्णालयास परत केल्या.’